पाय जड होतात म्हणे!

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीबाहेर चहा पीत उभं राहिलं की दोन विषय हमखास कानावर पडतात: भारतीय राज्यघटना आणि पोलीस भरतीची मैदानी चाचणी. राज्यघटनेत ही मुलं सहसा चुकत नाहीत, कारण चुकलं की गुण जातात. मैदानाबाबत मात्र एक वाक्य वर्षानुवर्षं कुणी तपासून न पाहता पुढे सरकवत आलं आहे. हैदराबादी बोलीत ते असं: ‘‘लोहा मारे तो पावां भारी हो जाते.’’ जिमच्या नादी लागू नकोस, वजन उचललंस की पाय जड होतील आणि वेग जाईल. हाच उपदेश पुण्यातल्या शाळेच्या मैदानावर आणि नांदेडकडच्या भरतीपूर्व शिबिरांत मराठीतून मिळतो. तो करणारे अडाणी नसतात. बहुतेक जण उमेदीच्या काळात स्वतः चांगले पळालेले असतात. त्यामुळे त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊन भागणार नाही. आधी ते पुरतं मांडलं पाहिजे आणि मगच खोडलं पाहिजे.

पूर्वपक्षाला तीन पाय आहेत. पहिला: वजनं उचलल्याने स्नायू फुगतात, आखडतात, अंगावर चढलेलं मांस पायांनाच वाहावं लागतं आणि माणूस मंदावतो. दुसरा: वेग पळूनच येतो, आणि जो जास्त राउंड मारून जास्त दमतो तो जास्त वेगवान होतो. तिसरा: आपल्या तालमींनी जोर-बैठकांवर मल्ल घडवले, लोखंडाची थेरं परदेशी आहेत. हे तिन्ही मुद्दे एकमेकांना टेकू देत उभे आहेत. एकाला धक्का लावला की बोलणारा दुसऱ्यावर सरकतो.

वादाचा निकाल लावायचा तर असा खेळ निवडावा, जिथे माणसाला काट्यावर उभं करतात आणि घड्याळापुढे पळवतातही. धावपटू सहसा हलके असतात आणि वेटलिफ्टर सहसा पळत नाहीत. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मागितल्या जातात, आणि दोन्हींची मोजमापं जाहीर होतात. हा खेळ इथे अगदीच परका आहे असंही नाही. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाच्या 2012 च्या पहिल्या हंगामात हैदराबाद स्कायकिंग्ज नावाचा संघ होता, आणि तो हंगाम पुणे मराठाज या संघाने जिंकला. लीग पुढे फोफावली नाही. पण ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मुंबईतल्या अधिवेशनात क्रिकेटबरोबरच फ्लॅग फुटबॉललाही 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं दार उघडलं. फ्लॅग फुटबॉल हा याच खेळाचा बिनधडकेचा अवतार. समोरच्याला पाडायचं नाही, त्याच्या कमरेची पट्टी ओढायची. तेव्हा या खेळाची तयारी कशी करावी हा प्रश्न आता आपल्याही मैदानांपुढे आला आहे.

खेळाचा पिंड आधी समजून घेऊ. अकरा जणांचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात, चेंडू सुटतो, झटापट होते आणि चार-सहा सेकंदांत डाव थांबतो. मग पुढच्या डावाची जुळवाजुळव. व्यावसायिक सामना टीव्हीवर तीन तास चालतो, पण चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे 11 मिनिटं. म्हणजे हा दमसासाचा खेळ नाही. थांबलेल्या जागेवरून स्फोटासारखं निघणं, वळणं, धडकणं, थांबणं आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा तेच, असा त्याचा साचा आहे. कबड्डीतली चढाई डोळ्यांपुढे आणली की मराठी वाचकाला हे लगेच पटेल.

दरवर्षी इंडियानापोलिसला व्यावसायिक संघांपुढे नव्या खेळाडूंची चाचणी होते. तिथे 40 यार्डांची, म्हणजे 36.58 मीटरची धाव मोजतात. 2022 मध्ये जॉर्डन डेव्हिस नावाच्या खेळाडूने ती 4.78 सेकंदांत संपवली. त्याचं वजन होतं 341 पौंड, म्हणजे जवळजवळ 155 किलो. 2019 मध्ये डीके मेटकाफने 103 किलो वजनानिशी 4.33 सेकंदांची वेळ दिली, आणि त्याच चाचणीत 102 किलोची बेंच प्रेस 27 वेळा मारली. आता आपल्याकडे पाहू. तेलंगणाच्या 2022 च्या पोलीस भरतीत पुरुषांना 1600 मीटर 7 मिनिटं 15 सेकंदांत पळायचं होतं. म्हणजे सेकंदाला साधारण 3.7 मीटर. दीडशे किलोचा डेव्हिस थांबलेल्या जागेवरून निघून सेकंदाला सरासरी 7.65 मीटर पळाला. अंतर वेगळं आहे, तुलना सरळ नाही, हे मान्य. पण ‘वजन म्हणजे मंदपणा’ असं सरसकट म्हणणाऱ्याला या आकड्यांचा हिशेब द्यावा लागतो.

इथे घाईही करू नये. न्यायशास्त्राच्या रीतीने सांगायचं तर ‘जिथे जिथे वजनाचा व्यायाम, तिथे तिथे मंदपणा’ ही व्याप्ती एका उलट उदाहरणाने मोडते. पण ती मोडली म्हणून ‘वजनाच्या व्यायामामुळेच वेग’ हे सिद्ध होत नाही. डेव्हिस आणि मेटकाफ लाखात एक आहेत, जन्मतःच त्यांना काही मिळालेलं आहे. शिवाय त्याच चाचणीतला विक्रम झेवियर वर्दीच्या नावावर आहे: 2024 मध्ये 4.21 सेकंद. त्याचं वजन होतं जेमतेम 75 किलो. आणि मेटकाफने 2021 मध्ये खऱ्या धावपटूंसोबत 100 मीटरची शर्यत पळून पाहिली, तेव्हा 10.36 सेकंदांची सुरेख वेळ देऊनही तो आपल्या शर्यतीत शेवटचा आला. थोडक्यात, अंगावरच्या किलोंची किंमत मोजावी लागतेच. प्रश्न एवढाच उरतो की लोखंड उचलण्याने नेमकं काय वाढतं, किलो की जोर?

हा गैरसमज आपल्या मातीतला नाही, आणि ही त्याची गंमत आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तो जवळजवळ शास्त्र म्हणून शिकवला जाई. फुटबॉलचे प्रशिक्षक खेळाडूंना वजनांना हात लावू देत नसत. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड कॉलेज हे वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं माहेरघर. बास्केटबॉल 1891 मध्ये तिथेच जन्मला. तिथले डॉ. पीटर कार्पोविच या मताचे खंदे पुरस्कर्ते होते. 1940 मध्ये त्या कॉलेजात वजन उचलणाऱ्यांचं एक प्रात्यक्षिक झालं. मंचावर होते शरीरसौष्ठवातला जॉन ग्रिमेक आणि वेटलिफ्टिंगचा जगज्जेता जॉन डेव्हिस. प्रात्यक्षिक संपल्यावर कार्पोविच उठले आणि त्यांनी ग्रिमेकला विचारलं, जरा पाठ खाजवून दाखवता का, दोन खांद्यांच्या मधोमध? सभागृहाला खोच कळली. एवढ्या फुगलेल्या दंडांचा हात तिथवर पोचणारच नाही, असा डॉक्टरांचा होरा होता. ग्रिमेकने पाठ खाजवली, एका हाताने आणि मग दुसऱ्यानेही. मग दोन्ही पाय फाकवून तो थेट जमिनीला टेकला. गुडघे न वाकवता कोपरंही जमिनीला लावून दाखवली. डेव्हिसने हातात डंबेल्स धरून उलटी कोलांटी मारली, असंही सांगतात.

कार्पोविच यांचा मोठेपणा असा की ते रागावले नाहीत, मोजायला बसले. त्यांनी आणि विल्यम झोर्बास यांनी 600 जणांच्या हातांच्या फिरण्याचा वेग तपासला, 300 वजन उचलणारे आणि 300 न उचलणारे. 1951 मध्ये निष्कर्ष छापला: उचलणारे अधिक वेगवान. या अभ्यासात उणिवा आहेत. मुळात चपळ असलेलेच उचलण्याकडे वळले असतील, आणि हात फिरवणं म्हणजे पळणं नव्हे. पण ज्या पंथाचा हा सिद्धान्त होता, त्याच्याच आचार्याने तो मागे घेतला, ही गोष्ट लहान नाही.

आपल्याकडच्या शारीरिक शिक्षणाशी याचा संबंध आहे. मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय 1920 मध्ये हॅरी क्रो बक यांनी काढलं, आणि ते या स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. दक्षिण भारतातल्या पी.टी. शिक्षकांच्या कित्येक पिढ्या त्या परंपरेत घडल्या. लोखंडाविषयीची ती जुनी धास्तीही त्याच वाटेने आपल्याकडे आली असावी. तसं असेल तर ज्याला आपण देशी शहाणपण समजतो ते अमेरिकेने केव्हाच टाकून दिलेलं मत आहे.

तिकडे मत बदललं ते मैदानावर. लुइझियानातल्या इस्ट्रूमा हायस्कूलच्या संघाने 1955 मध्ये अॅल्विन रॉय यांच्या देखरेखीखाली वजनं उचलली आणि हंगामभर एकही सामना गमावला नाही. त्या संघातला बिली कॅनन पुढे 1959 मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च किताब घेऊन गेला. हा गडी गोळाही फेकायचा आणि 100 यार्डांत भल्याभल्या धावपटूंना मागेही टाकायचा. 1969 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली या जायबंदी पोल व्हॉल्टपटूला खेळाडूंची ताकद वाढवायला नेमलं. मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी बजावलं होतं की एक जरी पोरगा मंदावला तरी तुझी नोकरी गेली. एप्ली यांची नोकरी काही गेली नाही. नेब्रास्काने 1970 आणि 1971 अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. विजेतेपदाचं सगळं श्रेय वजनांना देणं भाबडेपणाचं होईल, प्रशिक्षक आणि खेळाडू दोन्ही कसलेले होते. पण डेव्हनींची अट लक्षात घ्या. पूर्वपक्षाची कसोटी त्यांनी स्वतःच लावली होती, आणि पूर्वपक्ष त्या कसोटीवर हरला.

आता कारणमीमांसा. पळताना माणूस वेगवान कशाने होतो? आपल्याला वाटतं, पाय झरझर हलवल्याने. पीटर वेयांड आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मंद आणि वेगवान धावणारे शेजारी ठेवून मोजलं, तेव्हा पाय हवेतून पुढे आणायला दोघांनाही जवळपास सारखाच वेळ लागत असल्याचं दिसलं. फरक होता तो पाऊल जमिनीवर असताना जमिनीला दिलेल्या रेट्यात. जो जमिनीला जास्त जोराने दाबतो, त्याला जमीन तितक्याच जोराने उलट ढकलते. म्हणजे वेगाचा मूळ प्रश्न बळाचा आहे. पाय जड झाले की हलके, यापेक्षा ते आपल्या वजनाच्या मानाने किती रेटू शकतात हे महत्त्वाचं.

पूर्वपक्षातला एखादा जाणकार इथे ए. व्ही. हिल यांचा दाखला देईल. हिल यांनी 1938 मध्ये दाखवलं की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका कमी जोर देतो, आणि ओझं जितकं मोठं तितका तो सावकाश आखडतो. मग जड ओझ्याची सवय लावून घेणारा सावकाश होणार नाही का? नाही होणार. नियम ओझ्याचा आहे, सवयीचा नाही. 70 किलोच्या मुलाला खांद्यावर 60 किलो घेऊन जेमतेम एक बैठक मारता येते असं समजा. तोच मुलगा वर्षभराने 110 किलो घेऊन उठला आणि अंगावर दोनच किलो चढले, तर त्याचं स्वतःचं शरीर त्याच्या कमाल ताकदीच्या मानाने हलकं झालं. आणि हलकं ओझं स्नायू झपाट्याने हलवतो, हाच तर हिल यांचा नियम. पूर्वपक्षाने पुढे केलेला पुरावा असा उलटून त्याच्यावरच येतो.

तरीही मुलं खोटं बोलत नाहीत. वजन मारलं आणि पाय जड झाले, हा त्यांचा अनुभव खरा आहे. चूक त्याच्या अर्थात आहे. जिममध्ये पहिल्यांदा गेलेला मुलगा एका दिवसात पायांचा चुराडा करून घेतो. पुढचे दोन-तीन दिवस मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. त्याच अवस्थेत तो मैदानावर जातो, वेळ वाईट येते आणि निदान ठरतं: लोहा मारला म्हणून. हा थकवा आहे, आठवड्याभरात ओसरतो आणि अंगवळणी पडला की पुन्हा तसा येत नाही. दुसरं कारण म्हणजे गल्लोगल्लीच्या जिममध्ये मिळणारा व्यायाम बहुधा शरीरसौष्ठवाचा असतो. हलकी वजनं, पंधरा-पंधरा रेप्स, सावकाश, आरशासमोर, तेही दंड आणि छातीचे. त्याने मांस वाढेल आणि पळणं थांबलेलं असेल तर माणूस मंदावेलही. पूर्वपक्षाला एवढं देऊन टाकायला माझी हरकत नाही. पण हा दोष पद्धतीचा आहे, लोखंडाचा नव्हे.

दुसरा पाय: राउंड मारून वेग. एनटीआर स्टेडियमवर सकाळी पाहायला मिळणारं दृश्य सांगतो. चार मुलं चपला अंतरावर ठेवून 30 मीटर पळताहेत, एक जण मोबाइलवर वेळ घेतो. पहिल्या तीन धावा खणखणीत. चौथ्या-पाचव्या धावेला खांदे वर चढतात, टाच जमिनीवर आपटायला लागते, वेळ घसरते. दोन धावांमध्ये विश्रांती म्हणजे चालत परत येणं, बास. दहाव्या धावेला धाव कसली, ती फरफट असते. सर खूश होतात, कारण मुलं घामाने निथळलेली दिसतात. दम निघाला म्हणजे कसरत झाली!

शरीराचं गणित वेगळं आहे. पूर्ण ताकदीच्या धावेला स्नायूतलं जे इंधन लागतं, ते काही सेकंदांपुरतंच असतं. धाव संपल्यावर अर्ध्या मिनिटात त्यातलं निम्मं भरून येतं, बाकीचं भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. तेवढं थांबला नाहीत तर पुढची धाव पूर्ण वेगाची होतच नाही. आणि जी धाव पूर्ण वेगाची नाही, ती शरीराला पूर्ण वेग शिकवत नाही, मंद पळण्याचा सराव मात्र देते. 1980 मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी 10 आठवड्यांचा एक प्रयोग छापला. एका गटाने ताकदीचा व्यायाम केला, एकाने दमसासाचा, तिसऱ्याने दोन्ही भरपूर. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घटली. म्हणजे रोज मैदानाला वीस फेऱ्या मारून वर बैठका मारणाऱ्याचे पाय खरोखर जड होतात, पण खापर फोडायचं तर ते फेऱ्यांवर फोडा.

भरतीच्या मुलांचंही यात नुकसान आहे. तेलंगणाच्या त्याच चाचणीत 1600 मीटरच्या जोडीला लांब उडी आणि 7.26 किलोचा गोळा होता. तीनपैकी दोन बाबी थेट स्फोटक ताकदीच्या. तरी सकाळचा सगळा वेळ जातो तो फेऱ्यांत.

तिसरा पाय परंपरेचा. इथे मराठी माणसाला, त्यातून हैदराबादच्या मराठी माणसाला, एक कथा हटकून आठवते. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन बलाढ्य पहिलवान आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारलं, सप्तशृंगीला जाऊन साधना केली, वानराच्या उड्या पाहून मल्लखांब साधला आणि परत येऊन कुस्ती मारली. ही आख्यायिका आहे, पण लोखंडाविना विजय म्हणून ती पुढे केली जाते. नीट पाहिलं तर ती माझ्याच बाजूने साक्ष देते. मल्लखांबावर माणूस काय करतो? आपलं अख्खं शरीर दोन मांड्यांच्या पकडीत, कधी एका हातावर उचलून धरतो. शरीराच्या वजनाच्या मानाने ताकद म्हणतात ती हीच. आणि आपल्या तालमींत लोखंड-दगड नव्हते असं म्हणणाऱ्याने तालमीच्या कोपऱ्यात एकदा डोकावावं. दगडी नाल, गळ्यात घालायचे दगडी कडे, करेल, मुद्गलांच्या जोड्या, गदा: हे काय शोभेला ठेवलेलं होतं? बैठका शेकड्यांनी मारून दमसास वाढला, जोर वाढवायला नाल होता. दोन्हींचा उपयोग वस्ताद ओळखून होते. आपण त्यातला अर्धा भाग उचलला आणि त्याला परंपरा म्हणू लागलो.

आजचं उदाहरण हवं असेल तर तेही मराठीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये यू मुंबाकडून प्रो कबड्डीत उतरला, आणि पुढच्याच वर्षी हैदराबादच्या तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाख रुपये मोजून घेतलं. लोक त्याला बाहुबली म्हणतात ते उगीच नाही. दोन-तीन बचावपटू अंगाला चिकटलेले असताना रेषेपर्यंत झेपावणं हे नुसत्या चपळाईचं काम नाही आणि नुसत्या ताकदीचंही नाही.

एवढ्याने जिमवाल्यांनी खूश होऊ नये, कारण उलट टोकाचं मतही तितकंच चुकीचं आहे. ते असं: बैठकीचं वजन वाढवत राहा, वेग आपोआप येईल. येत नाही. पूर्ण वेगात पळताना पाऊल जमिनीला लागतं ते सेकंदाचा जेमतेम दहावा भाग, पहिल्या एक-दोन पावलांत फार तर पाचवा. स्नायूला आपला कमाल जोर गोळा करायला मात्र तीन दशांश सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. विहिरीत पाणी तुडुंब असलं तरी मोट लहान असली तर शेत कोरडंच राहतं. जोर साठवणं हे एक काम आणि तो क्षणात बाहेर काढणं हे दुसरं. पहिलं काम जड वजन करतं. दुसरं काम उड्या, फेकी आणि ताज्या पायांनी पूर्ण वेगात पळणं यांनीच होतं. बेंच प्रेसचे आकडे मिरवणाऱ्यांना तर या बाबतीत काहीच बोलायला जागा नाही. 102 किलो सत्तावीस वेळा ढकलणं ही दंडांच्या चिकाटीची परीक्षा आहे, वेगाशी तिचा संबंध दूरचा.

मग सिद्धान्त काय? वेग आणि ताकद सवती नाहीत. पण ताकदीचं वेगात रूपांतर व्हायला तीन अटी आहेत: ताकद अंगाच्या वजनापेक्षा वेगाने वाढली पाहिजे, ती झटक्यात वापरण्याचा सराव हवा, आणि दोन्ही कामं थकव्यापासून सांभाळली पाहिजेत. अठरा-वीस वर्षांच्या मुलासाठी याचा व्यवहार असा. आठवड्यात दोन दिवस धाव: नीट अंग गरम करून 10 ते 30 मीटरच्या आठ-दहा धावा, दोन धावांमध्ये तीन ते पाच मिनिटं पूर्ण विश्रांती, आणि वेळ घसरायला लागली की त्या दिवसाचं काम बंद. दोन दिवस वजन: बैठक, डेडलिफ्ट, एका पायावरचे व्यायाम, तीन ते पाच रेप्सचे मोजके सेट. वजन जड, पण वर येताना प्रयत्न झटक्याचा. अपयशापर्यंत ओढायचं नाही. ज्याला अजून नुसती बैठकही नीट मारता येत नाही, त्याने सहा-आठ आठवडे बार न घेता घडी बसवावी. मोजक्याच उड्या, धावेच्या दिवशी, पाय ताजे असताना. हैदराबादच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे सगळं सकाळी सातच्या आत उरकावं. जेवणात दूध, डाळ, अंडी वाढवावीत, डब्यातली पावडर शेवटी. आणि कुणी सुई पुढे केली तर जिमच बदलावी. ज्या रॉय यांचं वर कौतुक केलं, त्यांनीच 1963 मध्ये सॅन दिएगोच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंना जेवणाबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या. या विद्येच्या इतिहासातलं ते काळं पान आहे आणि ते झाकून ठेवून मंडन होत नाही.

शेवटचा आक्षेप फ्लॅग फुटबॉलवाल्यांचा. आमच्या खेळात टक्कर नाही, मग ताकद कशाला? कारण या खेळात पळण्याइतकंच थांबणं आहे. पूर्ण वेगात आलेला खेळाडू एका पायावर सगळा वेग जिरवतो आणि दुसऱ्याच दिशेला निघतो. त्या क्षणी मांडीवर येणारा भार धावण्यातल्या भारापेक्षा कमी नसतो. तो पेलता आला नाही की वळण रुंद होतं आणि कमरेची पट्टी जाते, किंवा गुडघा जातो. मुलींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटची दुखापत वळण्या-उतरण्याच्या खेळांत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, ताकद आणि उतरण्याच्या सरावाने ती कमी होते, आणि लोखंडापासून सगळ्यात दूर ठेवतात ते मुलींनाच. मांडीच्या मागच्या स्नायूचंही तसंच. डेन्मार्कमध्ये आपल्या ओळखीच्या फुटबॉलच्या, म्हणजे सॉकरच्या, 942 खेळाडूंवर केलेल्या आणि 2011 मध्ये छापलेल्या अभ्यासात, गुडघ्यांवर बसून शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा एक साधा व्यायाम नेमाने करणाऱ्यांत त्या स्नायूच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत 52. या व्यायामाला लोखंडही लागत नाही. घोटे धरायला एक मित्र पुरतो.

खंडन-मंडनाच्या जुन्या रीतीत हरलेल्या पक्षाने शिष्यत्व पत्करायचं असे. इतकं काही मागणं नाही. ज्यांना अजूनही पाय जड होण्याची भीती वाटते, त्यांनी आपल्या हाताखालच्या मुलांची 30 मीटरची वेळ, लांब उडी आणि अंगाचं वजन आज एका वहीत टिपून ठेवावं. दोन महिने वर सांगितल्याप्रमाणे सराव घ्यावा आणि आठवडाभर पाय ताजे करून पुन्हा मोजावं. आकडे माझ्या विरुद्ध गेले तर वही घेऊन चिक्कडपल्लीला खुशाल या, नव्याने वाद घालू. मात्र वही आणा. ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांवर आता हा वाद चालायचा नाही.